लेण्याबाहेरचे सर

ज्या दुकानात गिऱ्हाईक नसतं, तिथं गप्पा जास्त रंगतात. आमच्या विभागाचं तसंच होतं. लातुरात कॉलेजात इतिहास शिकवायचा म्हणजे लग्नाच्या मांडवात उपासाचे पदार्थ घेऊन बसायचं. या गावात बारशालाच विचारतात, "मेडिकल का इंजिनिअरिंग?" फिजिक्सच्या लोकांना पाणी प्यायला वेळ नसायचा. आम्हाला मात्र वेळच वेळ. त्यामुळं किस्से रद्दीसारखे साठत गेले. रद्दी निदान विकली तरी जाते, किस्से फुकट ऐकवावे लागतात. ऐका तर मग!

विभागात आम्ही तिघं. मी नांदेडची, लग्न होऊन लातूरला आलेली. सय्यद सर कंधारचे, निजामाचा काळ शिकवायचे आणि निजामापेक्षा जास्त आरामात असायचे. आणि विभागप्रमुख बिराजदार सर. लेणी हा त्यांचा विषय. विषय कसला, वेडच! औशाच्या पुढं खरोशाच्या टेकडीवर लेणी आहेत. तरुणपणी सर तिथं अक्षरशः पडीक असायचे. कुठल्या खांबाला कुठं टवका गेलाय तेही त्यांना पाठ होतं.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. भूकंपाच्या वर्षी गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे सरांचं गाव बसलं. दगडाचं घर, वर मातीचं माळवद. सर नोकरीसाठी लातुरात होते, आत माय एकटी होती. ती त्यातच गेली. तेव्हापासून सर दगडाच्या छताखाली गेले नाहीत. लेण्यांवर जीव असलेला माणूस, आणि लेण्यात पाऊल टाकत नाही! दरवर्षी सहल न्यायचे, आणि दरवर्षी बाहेर उभे राहायचे. या वर्षी तरी जातील का, एवढंच आम्ही बघायचो. विचारायची हिंमत कोणाला नव्हती.

* * *

सहलीची पहिली नोटीस मी लिहिली होती. "विद्यार्थिनींना लेणी पाहण्यासाठी नेण्यात येईल." दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील शिरूर अनंतपाळहून थेट विभागात. धोतर, टोपी, आणि चेहरा असा की आता काही खरं नाही.

"मॅडम, लेकरू शिकायला धाडलंय आम्ही. त्याला लेणी बगायला कामून नेऊन राहिलाव?"

"अहो, अभ्यासाचाच भाग आहे तो."

"दागिने बगायचा कसला आलाय अभ्यास? आज बगितले की उद्या मागतंय की लेकरू!"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. लेणं म्हणजे त्यांच्या घरात गळ्यातलं, कानातलं. मुलींना गाडीत घालून सराफ्यात नेताहेत असं त्यांना वाटलेलं! सय्यद सरांनी पुढं होऊन समजावलं, "काका, सोन्याची लेणी नव्हेत. दगडाची हायेत."

काकांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "दगडाची? मंग तर मुळीच नका नेऊ. नवरा मिळायचा न्हाई!"

शेवटी त्यांनाही गाडीत घालून नेलं. लेण्यासमोर उभं राहून त्यांनी बराच वेळ टेकडी न्याहाळली आणि म्हणाले, "डोंगराच्या अंगावर हाय खरं लेणं." बिराजदार सरांनी ते वाक्य नंतर कित्येक वर्षं वर्गात वापरलं, आणि प्रत्येक वेळी काकांचं नाव घेऊन वापरलं.

* * *

कॉलेजची इमारत स्लॅबची. तिला दगडाचं छत म्हणता येत नाही, पण सरांच्या मनाला तेवढा फरक पटत नव्हता. ते वर्गात यायचे नाहीत, दारात उभे राहून शिकवायचे. एक पाय पत्र्याच्या व्हरांड्यात, एक पाय चौकटीत. आवाज खणखणीत, त्यामुळं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. तशीही शेवटची बरीच बाकं रिकामीच असायची.

एकदा एक पोरगा उशिरा आला. दारात सर उभे. पोरगा त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. आत जायला जागा नाही, आणि परवानगी मागायची रीत तर सोडवत नाही. चुळबुळ करत म्हणाला, "सर, आत येऊ का?"

सर वळून म्हणाले, "मला काय विचारतोस बाबा? मी पण बाहेरच हाय!"

* * *

त्याच सुमारास लातुरात क्लासेसचं पीक आलं. परगावची पोरं लोंढ्यानं यायला लागली. ज्याच्या त्याच्या घरावर मजला चढायला लागला, खोली तयार व्हायच्या आधी पोरगं सतरंजी घेऊन दारात हजर. सरांच्या गल्लीत एकच घर बैठं राहिलं, वर पत्रा. ते सरांचं.

शेजारचे गुत्तेदार, म्हणजे बांधकामाचे कंत्राटदार, रोज संध्याकाळी येऊन बसायचे. "सर, असं काय करायलाव? एवढी मोक्याची जागा. दोन मजले टाका, क्लासची लेकरं ठेवा. पत्र्याखाली कोण ऱ्हातंय आजकाल?"

सर हसून टाळायचे. एकदा फारच लावून धरलं तेव्हा म्हणाले, "पत्रा पडला तर खोक पडतीय हो. माणूस न्हाई पडत."

गुत्तेदार पुन्हा तो विषय काढायला आले नाहीत. चहाला मात्र येत राहिले. पावसात पत्र्याचा आवाज एवढा व्हायचा की बोलणं ऐकू येत नसे. मग दोघं नुसते बसून राहायचे.

* * *

सहलीत सरांचं भाषण ठरलेलं असायचं. लेण्याच्या तोंडाशी, उन्हातून, हात पुढं करून. "पोरांनो, एक लक्षात ठेवा. देऊळ बांधतात, लेणं कोरतात. देवळात दगडावर दगड ठेवलेला असतो. इथं ठेवलेलं काहीच नाही. अख्खा डोंगर होता, त्यातला नको तेवढा काढून टाकला. याला सांधा नाही. सांधाच नाही, तर निखळणार काय?"

इतकं पटवून सांगायचे की पोरं भराभरा आत पळायची. सर तिथंच.

एका वर्षी निलंग्याची एक मुलगी होती. भारी धीट. ती आत गेली नाही, सरांसमोरच उभी राहिली. "सर, सांधाच न्हाई म्हणता, निखळत न्हाई म्हणता. मग तुम्ही कामून येत न्हाई?"

सय्यद सर उगाच बुटाची लेस बांधायला वाकले. चपला होत्या त्यांच्या पायात!

बिराजदार सर मात्र शांतपणे म्हणाले, "पोरी, डोकं कवाच पास झालंय. पाय एटीकेटीत अडकलेत."

* * *

बाहेर उभं राहून आतलं दाखवायचं, तर त्याची एक पद्धत बसली होती. आत आम्ही टॉर्च घेऊन, बाहेरून सरांचा आवाज. "डावीकडच्या खांबाकडं वळा. आता मान वर करा. अजून वर. दिसला नरसिंह?" दिसायचा! लेण्यात आवाज घुमतो, कुठून येतो ते कळत नाही. त्यात सरांचा आवाज मुळातच गडगडाटी.

एका वर्षी गावाकडचं एक कुटुंब आमच्या आधीच आत गेलेलं. सरांना वाटलं आम्हीच पोचलो. त्यांनी सुरू केलं, "थांबा! घाई करू नका! समोर बघा!"

ते कुटुंब जागीच थिजलं.

"आता दोन पावलं पुढं या. तो तुमच्याकडंच बघतोय!"

आम्ही आत शिरलो तर म्हातारी हात जोडून उभी, सून डोक्यावरून पदर घेतलेली, आणि नातू रडवेला. म्हातारीनं पिशवीतला नारळ काढून ठेवलासुद्धा. बाहेर आल्यावर तिला आवाजाचा मालक दिसला.

"आगं बया! मास्तर हाय व्हय हे? मी तर नवस बोलून बसले की!"

सर ओशाळले. "काय बोललात आजी?"

"नातवाला मेडिकलला लागू दे म्हनलं."

सर म्हणाले, "आजी, अवघड हाय. माझ्याकडं हिस्टरी हाय!"

* * *

खरोशाच्या लेण्यात शंकर आहे, विष्णूची रूपं आहेत, आणि एका लेण्यात मांडी घालून बसलेली एक मूर्ती. दगड जांभा, ऊनपावसानं झिजणारा. मूर्तीचा चेहरा पार पुसला गेलाय. त्यामुळं तिच्यापुढं कायम वाद. एक म्हणणार बुद्ध, दुसरा म्हणणार तीर्थंकर, तिसरा म्हणणार पांडवांपैकी कोणीतरी, बहुतेक धर्मराज.

एका सुट्टीच्या दिवशी तिथं दोन टोळक्यांची चांगलीच जुंपली. आवाज चढले. एकाची नजर सय्यद सरांच्या दाढीवर गेली. "ओ चाचा, तुम्ही तर तिसरेच. तुम्हीच सांगा, हे लेणं कोणाचं?"

मी म्हटलं, आता आली का पंचाईत! सय्यद सरांनी चष्मा पुसला. "देखो बाबा, डोंगर एक. त्यात शंकर ऱ्हायलाय, विष्णू ऱ्हायलाय, हे साहेबबी बसलेत. भिंतीला भिंत. शेकडो वर्षं झाली, भाडेकऱ्यांची एक तक्रार न्हाई. भांडणं करतेत ते पाव्हणे!"

दोन्ही टोळकी हसली. मग दोघांनी मिळून सय्यद सरांना सीताफळं खाऊ घातली.

* * *

बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की त्या बसलेल्या मूर्तीपुढं पेनं दिसायला लागायची. कोणी सुरू केलं माहीत नाही. एखादा पोरगा पेन ठेवून गेला असेल, त्याला मार्क पडले असतील, झालं! लातूरकरांना पॅटर्न सापडायला कितीसा वेळ लागतो? निळी, काळी, जेलची, टोपण नसलेली. पुढं पुढं एक कंपासपेटीही दिसली.

पुरावस्तूंपुढं हे असलं काही ठेवू नये म्हणून मी सगळी गोळा करून बाहेर आणली आणि बिराजदार सरांना दाखवली. सय्यद सरांनी एक उचलून तळहातावर रेघ ओढून बघितली.

"बघा मॅडम," ते म्हणाले, "सगळं सोडून तपश्चर्येला बसलेल्या माणसाकडं इतकी पेनं, आणि आमच्या विभागात सही करायला एक न्हाई!"

बिराजदार सर हसले, पण मग म्हणाले, "परत ठेवून या."

"सर, तुम्हीच तर म्हणता, मूर्तीपुढं काही ठेवू नये."

"परीक्षा होईपर्यंत राहू द्या. भ्यालेली लेकरं हायेत." आणि लेण्याच्या काळ्या दाराकडं बघत राहिले. मला त्या वेळी सरांचं फार वाईट वाटलं. मी पेनं परत ठेवून आले.

* * *

आता हा शेवटचा. हा मी पुष्कळांना सांगितलाय आणि प्रत्येकानं विचारलंय, "मग पुढं?" पुढं काही नाही. एवढंच आहे.

त्या वर्षी आमची सहल लहानशीच होती. जीपभर पोरं. टेकडीखाली पोचलो तर रस्ताभर बस उभ्या. लातुरातल्या एका मोठ्या क्लासची मोटिव्हेशनल ट्रिप! पोरं सगळी पिवळ्या टी-शर्टात, आणि प्रत्येक टी-शर्टावर क्लासच्या सरांचा फोटो. जिकडं बघावं तिकडं तेच सर, आणि मधोमध खरेखुरे. कमरेला स्पीकर, तोंडाजवळ माइक.

माणूस वाईट नव्हता. बिराजदार सरांच्या पाया पडला. "सर, पोरांना स्पर्धा परीक्षेच्या जीकेसाठी दोन गोष्टी सांगतो आणि निघतो. पुढं दोन पॉइंट करायचेत."

पोरांचा लोंढा त्या बसलेल्या मूर्तीच्या लेण्यात घुसला. आमची पोरंही त्यातच मिसळली. आम्ही तिघं बाहेर. ऊन रणरणत होतं. बिराजदार सर नेहमीच्या जागी, डोक्यावर पांढरी टोपी, दारापासून जरा अंतर ठेवून. आतून स्पीकरवरचा आवाज स्वच्छ येत होता.

"चला, ट्रिक लिहून घ्या! मांडी घातलेला दिसला की बुद्ध, उभा दिसला की महावीर. टिक करा, पुढं व्हा!"

बिराजदार सरांची मान ताडकन वर झाली. "असं कसं?" ते आमच्याकडं बघून म्हणाले. "तीर्थंकरबी मांडी घालून बसतेत की! ट्रिक कसली आलीय?"

"सर, सोडा," मी म्हटलं.

आतून कोणा पोराचा आवाज आला, "सर, पण याला तर चेहराच नाही. नक्की बुद्धच कशावरून?"

मग स्पीकर बोलला, "चेहरा नाही, म्हणजे परीक्षेला येणार नाही. स्किप!"

"स्किप?" बिराजदार सर म्हणाले.

"सर..." सय्यद सरांनी हात पुढं केला.

"स्किप?" यावेळी ओरडलेच. "अरे, कुणाला स्किप म्हणतोस? आं? कुणाला?" आणि ओरडत ओरडत चालायला लागले. पिवळी पोरं दारात दाटलेली, ती घाबरून बाजूला झाली. सरांची पांढरी टोपी त्या पिवळ्यात शिरली, उंबऱ्यावरून पलीकडं झाली, आणि अंधारात दिसेनाशी झाली.

सय्यद सरांचा हात तसाच हवेत राहिला.

मी दाराकडं धावणार होते. त्यांनी मान हलवली. "नको मॅडम. आवाज दिला तर ध्यानात येईल त्यांच्या."

आम्ही उभे राहिलो. आतला स्पीकर बंद झाला. मग सरांचा आवाज यायला लागला. तोच गडगडाटी आवाज, पण आज आतून बाहेर.

"चेहरा नाही म्हणून माणूस नाही का? बॅटरी इकडं धर. तिथं न्हाई, पायाकडं! बुद्ध घालतो चीवर, तीर्थंकराच्या अंगावर कापड नसतं. कापडाची कड घोट्याजवळ असती. झिजलीय, डोळ्याला दिसत न्हाई. एरवी मी कुणाला हात लावू देत न्हाई. आज लाव. बोटाच्या टोकानं. हळू! झोपलेल्या माणसाला लावावं तसं."

आतून नुसती पायांची खसफस ऐकू आली.

"लागली का?"

"लागली सर!" एका पोरीचा आवाज होता.

"मला बी लावू दे!" "सर, मी!" "ए, लाइनीत या रे!" आत एकच गलका. त्यात क्लासच्या सरांचाही आवाज होता, माइकशिवाय. "सर, जरा मला पण दाखवता का?"

सय्यद सर खाली बसले. दोन्ही हातांनी चेहरा पुसला आणि हळूच म्हणाले, "या अल्लाह." बसचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकले. आमची डोकी तापली, पाणी संपलं. पण सावलीला जावं, नाहीतर आत जावं, असं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. आम्हाला वाटत होतं, आपण हललो तर काहीतरी बिघडेल.

सूर्य कलला तेव्हा पिवळी पोरं बाहेर पडायला लागली. सगळ्यांत शेवटी सर आले. टोपी काखेत, बोटं जांभ्याच्या भुकटीनं लाल. कपाळालाही लाल डाग होता. कशाचा, कसा, ते आम्ही विचारलं नाही.

दारातून बाहेर आले, डोळे बारीक करून आमच्याकडं बघितलं. मी घामानं भिजलेली, सय्यद सर जमिनीवर बसलेले.

सर म्हणाले, "अहो, आत गारेगार हाय की! तुम्ही दोघं इथं उन्हात कामून थांबलाव?"